घाटात पुकारलेला मालक

त्या माणसाला मोठा मी केला, आणि जमिनीवर आपटलाही मीच. दोन्ही कामं एकाच तोंडानं केली, एकाच माइकवरून. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणी मला भोळासांब समजायला नको. माझ्या मनात त्याच्याविषयी जे होतं तो सूडच होता. त्याला न्याय-बिय असलं गोड नाव मी देणार नाही.

मी बैलगाड्यांच्या घाटातला निवेदक. त्याआधी तीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो. ‘चला, आळेफाटा उतरून घ्या’ असं मी ओरडलो की गाढ झोपलेला माणूस टोपी सावरत दारात यायचा. बायको म्हणायची, तुमी घरात बोलला तरी गल्लीतल्या कोंबड्या उठत्यात. मी रिटायर झालो त्याच सुमाराला शर्यतींवरची बंदी उठली, आणि राजुरीपासून पार भीमाशंकरच्या वाटेवरच्या गावांपर्यंत यात्रांचे घाट पुन्हा भरायला लागले. एका गावात ठरलेला निवेदक आजारी पडला. सरपंचानं माझ्या हातात माइक दिला, आणि पुढं चार वर्षं तो मी खाली ठेवला नाही.

ज्यांनी आमचा घाट पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. चढाची सरळ धावपट्टी असते. खाली गाडा जुंपायचा, चार बैल, पुढं घोडी. निशाण पडलं की घड्याळ सुरू, वरची रेषा ओलांडली की बंद. ह्या एका धावेला बारी म्हणतात, आणि ती दहा-बारा सेकंदांत संपते. तेवढ्यासाठी माणूस वर्षभर बैलाला खारीक-खोबरं, दूध-अंडी चारतो. पण माझ्याकडून लिहून घ्या, हे तो बैलासाठी कमी आणि पुकाऱ्यासाठी जास्त करतो. बारीच्या आधी निवेदक मालकाचं नाव घेतो, तेवढ्यासाठी. दोघातिघांचे बैल मिळून गाडा केला तर त्याला जुगलबंदी म्हणतात. मग सगळ्यांची नावं घ्यायची, मानाच्या क्रमानं. क्रम चुकला की मेलात. डिंगोऱ्याच्या एका मालकानं जुंपलेला गाडा सोडून घरी नेला होता. का, तर मी त्याच्या चुलत्याच्या आधी त्याच्या मेव्हण्याचं नाव घेतलं.

आणि घाटात कुणी नुसतं नाव घेत नाही. दोन एकर कांदा असला की ‘प्रगतशील बागायतदार’. एक पिकअप असली की ‘ट्रान्सपोर्ट सम्राट’. ग्रामपंचायतीला डिपॉझिट गेलेला माणूस ‘भावी आमदार’. बोलणाऱ्याला ठाऊक असतं, ऐकणाऱ्यालाही ठाऊक असतं. ह्यात कुणाचं काही बिघडत नाही, असं मला वाटायचं.

तो माणूस म्हणजे शेठ, आमच्या शेजारच्या गावचा. गावाचं नाव घेत नाही, त्या गावात चांगली माणसंही आहेत. पूर्वी स्टँडच्या कडेला त्याची मोबाईल रिचार्जची टपरी होती. मग तो दुबईला गेला. दोन वर्षांनी आला तो पांढऱ्या गाडीतून, आणि आल्या आल्या बैल घेतले. धंदा काय विचारलं की म्हणायचा, “आयटीची कंपनी हाय, आण्णा. सगळं ऑनलाइन.” ऑनलाइन म्हटल्यावर आमच्याकडं पुढचं कुणी विचारत नाही. हल्ली सातबारा ऑनलाइन मिळतो, देवाचा अभिषेकही ऑनलाइन होतो.

एक दिवस तो माझ्या घरी आला. माझ्यासाठी फेटा आणला होता, आणि एक नवाकोरा कॉर्डलेस माइक.

“आण्णा, एक काम व्हतं,” म्हणाला. “बारीच्या आधी माझं नाव घेताना कंपनीचं बी घेत चला. कंपनीचे मालक म्हणून.”

“त्यात काय एवढं,” मी म्हणालो, आणि तीन वर्षं घेत राहिलो. दुबईचे उद्योगपती, कंपनीचे सर्वेसर्वा, आपल्या मातीचा वाघ. जे सुचेल ते.

आता कळतंय ते सांगतो. ह्या माणसानं कंपनीच्या एकाही कागदावर स्वतःचं नाव येऊ दिलं नव्हतं. ऑफिसचा करार एकाच्या नावावर, खाती दुसऱ्यांच्या, सिमकार्डं तिसऱ्याच्या. एवढा हुशार! पण घाटात नाव पुकारलं जात नाही, हे काही त्याच्यानं सोसवलं नाही. अहो, मग बैल घेतले कशाला? आमच्याकडचा माणूस पोलिसांपासून लपेल, बायकोपासून लपेल, पण घाटापासून लपणार नाही.

माझी एकुलती एक लेक घोडेगावच्या बाजूला दिली आहे. जावई डोंगराकडच्या भातशेतीच्या घरातला. मंचरला एका पतसंस्थेत कॉम्प्युटरवर बसायचा. मान खाली घालून काम करणारा, सासऱ्यापुढं बोलताना शब्द गिळणारा माणूस. त्याचं बरं चाललं होतं. मीच त्याच्या मागं लागलो. किती दिवस तिथं माश्या मारणार, म्हणालो. आणि मीच शेठला गाठून म्हणालो, “आमच्या जावयाला कुठं चिकटवा की.” लेक नको म्हणत होती. मी तिला म्हणालो, तुला काय कळतंय. हे वाक्य हल्ली मला घास तोंडात असताना आठवतं.

जावई गेला. वर्षानं यात्रेला आला तेव्हा शेठनं मोठेपणा केला. चारातला एक बैल माझ्या जावयाच्या नावावर लावला आणि जुगलबंदीत त्याचं नाव घातलं. समोर सगळा घाट भरलेला, हातात माइक, आणि पुकारायचं नाव कुणाचं, तर स्वतःच्या जावयाचं! माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. बोलायला लागलो तो थांबेचना. समोर बायकांच्या मांडवात लेक बसली होती, तिनं पदर तोंडाला लावला. लाजली असेल, असं मला वाटलं. काय काय बोललो ते त्याच दिवशी संध्याकाळी मला धड आठवत नव्हतं.

खरं काय ते जावयानं लेकीला सांगितलं, आणि लेकीनं मला सांगितलं ते त्या यात्रेनंतर सहा महिन्यांनी. कंपनी म्हणजे एका इमारतीतला हॉल. त्यात कॉम्प्युटरच्या रांगा, आणि त्यांच्यापुढं बसलेली निम्मीअधिक माणसं आमच्याच दोन तालुक्यांतली. क्रिकेटवरचा सट्टा, पत्ते, ते फिरणारं चाक, सगळं ॲपवर. इकडचे लोक मोबाईलवर खेळायचे आणि तिकडं ही मंडळी त्यांचे आयडी उघडून द्यायची, हरलेल्याला गोड बोलून पुन्हा खेळायला लावायची. पैसा फिरायचा तो इकडच्या कुणाच्या तरी बँक खात्यांतून. काहींना आपल्या खात्यात काय चाललंय ह्याचा पत्ताही नसायचा. जावयाचा पासपोर्ट पहिल्याच दिवशी शेठच्या माणसानं काढून घेतला होता; यात्रेपुरता दिला, तो परत गेल्यावर पुन्हा घेतला. बँकेचं व्हेरिफिकेशन आहे म्हणून इंग्रजी-अरबी कागदांवर त्याच्या सह्या घेतल्या होत्या. पगार घेणारा गडी, पण त्या सह्यांनी तो कंपनीचा डायरेक्टर होऊन बसला होता.

हे कळल्यावर तो घाबरला आणि त्यानं शेठला विचारलं. शेठ हसला म्हणे. “आपल्याकडं लायसन हाय. आन् हितं बसून केलेल्याला तिथला कायदा लागत न्हाई, तिथल्या लोकांना खेळवलं म्हणून हितला लागत न्हाई. आपुन मधी.”

मधी कुणी नसतं. तिकडच्या पोलिसांनी छापा घातला. त्या देशातही हा धंदा गुन्हाच निघाला. लायसन म्हणजे कुठल्याशा बेटावरून आणलेला कागद होता, त्याला तिथं कुत्रं विचारत नव्हतं. त्या आठवड्यात शेठ इकडं होता, कालव्यात बैल पोहायला घालत होता. जावई चार महिने परक्या मुलखात तुरुंगात बसला. मग त्याला विमानात घातलं, आणि मुंबईत उतरल्या उतरल्या इकडच्या पोलिसांनी धरला, कारण इकडंही हरलेल्या कुणाच्या तरी बायकोनं तक्रार दिली होती. एकाच धंद्यापायी दोन देशांत आत. लेक विमानतळाबाहेर डबा घेऊन उभी होती. बाजरीची भाकरी आणि मासवडी, त्याच्या आवडीची. तो डबा न उघडता घरी आला, आणि तो धुताना मी तिला पहिल्यांदा मोठ्यानं रडताना ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेठच्या गोठ्यात गेलो. तो बैलाच्या पाठीला तेल चोळत होता.

“या, पावणं,” म्हणाला. आजवर मी आण्णा होतो, त्या दिवशी पावणा झालो.

“जावयाला सोडवा,” मी म्हणालो. “तुमी मालक हाय. पोलिसांना जाऊन सांगा, हा नुसता पगारी व्हता.”

“मी मालक?” त्याचा हात बैलाच्या पाठीवरून फिरतच होता. “कागद बघा की. कंपनी तुमच्या जावयाची हाय. माझं नाव दाखवा एका जागी. उलट त्याच्यापायी गावात माझं नाव खराब व्हतंय, राव.”

शेजारी खोरं पडलं होतं, ते उचलून त्याच्या टाळक्यात घालावं असं मनात आलं. खोटं कशाला बोलू? तेवढ्यात आतून चहा आला. कप माझ्या हातात देत तो म्हणाला, “यात्रेला पुकाऱ्याला तुमीच हाय न्हवं? यंदाचा गाडा लई भारी हाय.”

मी चहा प्यालो, शेवटच्या घोटापर्यंत. “तर! मीच हाय की,” असं म्हणून कप खाली ठेवला. कारण त्या घडीला माझं ठरलं होतं. ज्याला बुडवायचं त्याच्या घरचा चहा नाकारून त्याला सावध करू नये.

पुण्यात लेकीनं वकील दिला होता. शांत माणूस, पुण्याच्या पेठेतला. त्यानं मला समोर बसवून सरळ सांगितलं. “आपला माणूस जगात कुठंही जाऊन गुन्हा करू दे, इथला कायदा त्याच्या मागं जातो. तिकडं बसलो म्हणजे सुटलो, हे ह्या लोकांना कोण सांगतं देव जाणे. आता तुमच्यापुरता प्रश्न एकच. तुमचा जावई नोकर होता की मालक? नोकर ठरला तर जामीन होईल, पुढं सुटेलही. मालक ठरला तर आतच राहील. आणि कागद म्हणतो मालक.”

“खरा मालक दुसरा हाय.”

“असेल. पण त्याचं नाव कागदावर कुठं आहे?”

“कागदावर न्हाई,” मी म्हणालो, “घाटात हाय.”

त्याला काही कळेना. मग मी त्याला बारी, पुकारा, जुगलबंदी सगळं समजावलं. आमच्या घाटांचं मोबाईलवर लाइव्ह होतं, तीन वर्षांची रेकॉर्डिंगं आहेत, प्रत्येकात मी शेठला कंपनीचा मालक म्हणतोय. वकिलानं दोन-तीन लावून पाहिली आणि मान हलवली.

“हे तुम्ही म्हणताय, तो नाही. त्याच्या तोंडून यायला हवं. जोरजबरदस्ती न करता, चारचौघांत.”

“चारचौघांत?” मी म्हणालो. “साहेब, तुमाला अख्ख्या घाटात देतो.”

यात्रेला दीड महिना होता. तेवढे दिवस मी शेठशी गूळपीठ जमवलं. त्याच्या गोठ्यावर जायचं, बैलांचं कौतुक करायचं, चहा प्यायचा. गावात लोक माझ्या तोंडावर थुंकायचेच बाकी होते. जावई तुरुंगात आणि सासरा लाळघोट्या, असं एकानं पारावर मला ऐकू जाईल असं म्हटलं. मी ऐकलं आणि पुढं गेलो. लेकीला तर मी काहीच सांगितलं नव्हतं. तिच्या पोटात काही राहत नाही. तिनं फोनवर विचारलं, “आण्णा, तुमी त्याचा पुकारा करणार? त्याचा?” मी म्हणालो, माझा धंदा आहे. तिनं फोन आपटला. ते मला लागलं, पण गिळलं.

यात्रेच्या दिवशी चैत्राचं ऊन रणरणत होतं. घाटाच्या दोन्ही अंगांना माणूस मावत नव्हता. शेठचा गाडा दुपारी होता. मी सकाळपासून त्याला चढवत होतो. दर दोन गाड्यांनंतर त्याचं नाव, आज काय होणार, आज कोण येणार. त्याची बारी आली. बैल जुंपले. तो पांढऱ्या कपड्यांत, गळ्यात साखळी, निशाणाजवळ उभा होता. मी स्टेजवरून उतरून चालत त्याच्याकडं गेलो, त्यानंच दिलेला कॉर्डलेस माइक हातात घेऊन. मोबाईलवाल्या पोराला म्हणालो, माझ्या मागं ये, चेहरा नीट धर.

घाटाचा एक अलिखित नियम आहे. मालकाच्या हातात माइक द्यायचा नाही. एकाला दिला की सगळे मागतात, आणि हातात आला की सोडत नाहीत. चार वर्षांत मी तो कुणालाही दिला नव्हता.

“मंडळी!” मी म्हणालो. “घड्याळवाले, जरा दम धरा. आपल्याकडं वाईट तोंडं लई झाली. लोक म्हणत्यात, शेठची कंपनी शेठची न्हाईच. लोक म्हणत्यात, शेठ तिकडं दुसऱ्याच्या हाताखाली व्हता, आन् हे बैलसुद्धा उसनवारीचं हायेत. आता मी पामर काय सांगू? मालकानं सवता सांगावं. शेठ, आज नियम मोडतो. घ्या माइक!”

त्यानं इकडंतिकडं पाहिलं. त्याचा मेव्हणा बाही ओढत होता, नको नको म्हणत होता. एवढ्यात पलीकडच्या एका गाडामालकाच्या टोळक्यातून कुणीतरी शिट्टी घातली आणि चारजण हसले. शपथ घेऊन सांगतो, ती शिट्टी मी सांगितलेली नव्हती. आमच्या घाटात ती आपोआप येते, म्हणून तर मला घाट हवा होता.

“कोन म्हणतो उसनवारीचं?” शेठनं माइक हिसकावला. “कंपनी माझी हाय! माझी! दुबईत जाऊन इचारा, खुर्ची कुणाची! बाकीची सगळी पगारी गडी हायेत माझी. कागदावर सही कुणाची बी असूद्या, मी सांगीन त्याच्या नावावर कागद व्हतो. मालक मी हाय!”

आणि स्वतःच आरोळी दिली, “भिर्रर्र!” निशाण पडलं.

त्याचे बैल काय पळाले म्हणून सांगू! त्या दिवसाची सगळ्यांत चांगली वेळ त्याचीच लागली. घाटाचा राजा तोच ठरला. भंडारा उधळला, त्याच्या डोक्यावर फेटा बांधला, तो मला मिठी मारून नाचला. मी त्याचं नाव इतक्या आनंदानं पुकारलं की घसा बसला. चार वर्षांत इतकं मनापासून मी कुणाचं नाव घेतलं नव्हतं. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याला वेड लागलं.

पंधरवड्याच्या आत पोलीस त्याच्या दारात आले. ते येणार हे वकिलाकडून मला कळलं होतं, म्हणून मी समोरच्या रसवंतीवर जाऊन बसलो. त्याला हाताला धरून बाहेर आणला तेव्हा पायात एकच चप्पल होती. मी आलं-लिंबू घालून रसाचा दुसरा ग्लास सांगितला. त्यानं मला पाहिलं. गाडीत बसता बसता थांबला आणि म्हणाला, “आण्णा, तुमी लई बोलता, राव. तुमचं बी बोलणं जपून ठेवलंय मी.”

धमकी असेल म्हणून मी सोडून दिलं. घरी येऊन बायकोला म्हणालो, आज पुरण घाल. त्या रात्री मला जी झोप लागली तशी जावई आत गेल्यापासून लागली नव्हती. सगळं कळल्यावर लेक आली, माझ्या पायाशी बसून राहिली. “आण्णा, मी तुमाला काय काय बोलले,” म्हणाली. मी म्हणालो, बोलू दे. तेवढाच एक दिवस मला सूड आणि सुख एकत्र मिळालं.

महिनाभरानं मला पुण्याला जबाबाला बोलावलं. बाहेर व्हरांड्यात वकील उभा होता. त्यानं मला बाजूला घेतलं.

“शेठच्या वकिलानं एक जुना व्हिडिओ दिलाय,” तो म्हणाला. “ऐका आधी.”

त्यानं मोबाईल माझ्यापुढं धरला. मागच्या वर्षीची यात्रा होती, आणि आवाज माझा. “आन् ह्या जुगलबंदीतलं तिसरं नाव! माझ्या लेकीचं कुंकू, आमचे जावई! दुबईच्या कंपनीचे निम्मे मालक! शेठच्या मांडीला मांडी लावून बसणारा माणूस! मंडळी, शेठ ह्यांना विचारल्याबिगर पान हलवत न्हाईत, आन् कागदावर सही चालती ती आमच्या जावयाचीच!”

कॅमेरा बायकांच्या मांडवाकडं वळला. लेकीनं पदर तोंडाला लावलेला होता. ती लाजत नव्हती. ती माझ्याकडं बघून नाही, नाही अशी मान हलवत होती.

“हे सगळं मी फुगवून बोललो,” मी म्हणालो. “सासरा हाय मी. कौतुक केलं. त्याला तर त्या कागदांचा पत्ता बी नव्हता.”

“मला माहीत आहे,” वकील म्हणाला. “आत जाऊन तसं सांगितलंत तर जावयाला उपयोग होईल. त्याच्यासोबतचे दोघंजण आता परत आलेत, तेही म्हणतात तो पगारी होता. हा व्हिडिओ बाजूला झाला तर त्याचा जामीन होईल असं मला वाटतं.” मग मोबाईल खिशात घालत म्हणाला, “पण दुसरी बाजूही ऐका. घाटात लोक फुगवून बोलतात, असं तुम्ही लिहून दिलंत की शेठचा वकील तेच उचलणार. माझा अशीलही फुगवूनच बोलला, म्हणणार. निवेदकानंच कबूल केलंय, म्हणणार. मग शेठही सुटू शकतो. तुम्ही काय बोलायचं ते मी शिकवणार नाही.”

आत जबाब घेणारा साहेब वयानं माझ्या जावयाएवढाच होता. बोलायला सभ्य. त्यानं तोच व्हिडिओ लावला, बंद केला.

“आवाज तुमचा?”

“माझा.”

“निम्मे मालक वगैरे म्हणताय, ते खरं की असंच, कौतुकाचं?”

त्यानं तर मला दार उघडूनच दिलं होतं. ‘असंच’, एवढा एक शब्द बोलायचा होता. एक बारी होते तेवढाच वेळ हातात होता. त्या वेळात माझ्या डोळ्यांपुढं जावई यायला हवा होता, धुतलेला डबा यायला हवा होता. आला तो शेठ, बैलाच्या पाठीवरून हात फिरवत मला ‘पावणं’ म्हणणारा. तो पुन्हा पांढऱ्या गाडीतून स्टँडवर उतरणार. पुन्हा बैल जुंपणार. पुन्हा घाटात उभा राहणार आणि दुसरा कुणी निवेदक त्याचं नाव पुकारणार.

“साहेब,” मी म्हणालो, “घाटात मी खोटं बोलत न्हाई.”

त्यानं ते लिहून घेतलं. मी खाली सही केली, सरळ रेषेत, कंडक्टर असताना तिकिटांच्या वेबिलावर करायचो तशी.

आज शेठला जामीन नाही. खालच्या कोर्टात झाला नाही, वरच्यातही झाला नाही. त्याचे बैल कुणी कुणी घेऊन गेले, गोठा रिकामा आहे. मी मुद्दाम त्या रस्त्यानं जातो आणि बघतो. बघितलं की अजूनही बरं वाटतं, ते मी लपवत नाही. जावयालाही जामीन नाही. निम्मे मालक म्हणून.

मला दोन-तीन गावांनी पुकाऱ्याला बोलावलं, मी गेलो नाही. माइक कपाटात आहे.

लेक सासरी असते, फोन करत नव्हती. परवा तिनं केला. इकडचं तिकडचं काही नाही, सरळ विचारलं.

“आण्णा, त्या यात्रेत तुमी ह्यांना निम्मं मालक म्हणाला, ते तुमाला खरं वाटलं व्हतं का बढाई मारली व्हती?”

“बढाई,” मी म्हणालो.

“मग ते सायबाला का न्हाई सांगितलं?”

तिनं थोडा वेळ वाट पाहिली आणि फोन ठेवला.